सूनबाईच्या बदलीची चौकशी

३ फेब्रुवारी, मंगळवार

व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी ही वही दिली. रोज किती चाललात, कुठे दुखलं, ते लिहीत जा म्हणाल्या. आज बाल्कनीपर्यंत चालले. दुखलं. झालं लिहून. आता बाकीचं पान कोरं सोडायचं का? कागद वाया घालवला की आमचे गुरुजी कान पिळायचे. गावातल्या त्या शाळेत मी फार शिकले नाही, पण कानाला तेवढं अजून आठवतं. म्हणून घरातलं लिहिते.

घरात कुठेतरी पाणी मुरतंय.

माझा मुलगा लोकांना गाडी चालवायला शिकवतो. दिवसभर शेजारच्या सीटवर बसायचं आणि दुसऱ्याच्या चुकीवर आपण ब्रेक दाबायचा, हे त्याचं काम. घरी आला की तो कशातच पाय घालत नाही, दमलेला असतो. आज त्याने न सांगता माझ्या खोलीतला दिवा बदलला, खिडकीची कडी घट्ट केली आणि वर विचारलं, अजून काही करायचंय का आई. ती कडी मागच्या वर्षीपासून लोंबतेय. मुलगा आईच्या खोलीत एवढं लक्ष घालायला लागला की समजावं, त्याचं लक्ष दुसरीकडे आहे.

दुसरी खूण सूनबाईची. ती लिफ्टच्या कंपनीत आहे. लिफ्ट मध्येच अडकू नये आणि अडकलीच तर खाली कोसळू नये, त्यासाठी जो विजेचा बोर्ड लागतो तो तिच्या टेबलावर तयार होतो. एरवी ती फोनवर बोलते ते खालच्या मजल्याला ऐकू जातं. हल्ली दार लावून बोलते. मी गेले की आवाज बदलतो आणि "हो हो, उद्या पाठवते" म्हणून फोन ठेवते. माझी पंचाईत अशी की मी काठी टेकत येते, त्यामुळे माझ्या आधी माझी वर्दी पोचते.

मागच्या जूनमध्ये मी न्हाणीघरात पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. तेव्हा सूनबाई पाच महिने घरी होती, बिनपगारी. मला उठवायचं, बसवायचं, दुपारी पत्ते खेळायचे. ती चिडकी आणि मी लबाड, त्यामुळे डाव रंगायचा. तेव्हा दार कधी लागलं नाही. आता मी माझ्या पायांनी चालायला लागले तर दारं लागायला लागली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज फुटलं. नातीने फोडलं. तिला मी टिटवी म्हणते, कारण तिच्या पोटात काही राहत नाही. शाळेतून आली आणि विचारलं, आजी, बर्फात बूट ओले होतात का. मी म्हटलं, मला काय माहीत, मी बर्फ फक्त मुका मार लागल्यावर पाहिलाय. पण तुला कशाला हवाय बर्फ? तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. म्हणजे कुणीतरी तिला बोलू नको म्हणून सांगितलं होतं.

संध्याकाळी मुलाला समोर बसवलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची लहानपणापासूनची खोड. आधी म्हणाला, काही नक्की नाही. मग म्हणाला, अजून ठरायचंय. मग एकेक करून सगळं बाहेर आलं. सूनबाईच्या कंपनीचं तिकडे परदेशात एक ऑफिस आहे. तिकडच्या लिफ्टना हिच्या हातचा नवा बोर्ड बसवायचाय आणि तिथे तो कुणाला येत नाही. म्हणून कंपनी हिला तीन वर्षांसाठी बदलीवर पाठवणार. अशा बदलीचा व्हिसा वेगळा असतो, त्याचे नियमही वेगळे. एप्रिलमध्ये तिकडे हजर व्हायचंय.

मी विचारलं, कोण कोण जाणार?

तो म्हणाला, नवरा जाऊ शकतो, लग्न न झालेली मुलं जाऊ शकतात.

मी म्हटलं, मी पण सध्या बिनलग्नाचीच आहे.

शेजारी बसलेली सूनबाई हसली. मुलगा हसला नाही. म्हणाला, आई, तू पाहुणी म्हणून येशील की, मधून मधून. स्वतःच्या मुलाच्या घरी पाहुणी. मी अजून एक विचारलं, मग मी इथे कशी राहणार? तर दोघांनी एकमेकांकडे पाहिलं आणि सूनबाई म्हणाली, ते बघतोय आम्ही, तुम्ही काळजी करू नका.

माझ्या अनुभवात "काळजी करू नका" असं माणूस दोनदाच म्हणतं. एकदा ऑपरेशनच्या आधी, आणि एकदा घर रिकामं करायच्या आधी.

९ फेब्रुवारी, सोमवार

खाली उतरले. जिना उतरताना दुखलं, चढताना जास्त.

तळमजल्यावर पोस्टमास्तर राहतात. पोस्टातून निवृत्त झाले, बायको आधीच गेली. परदेशचे नियम त्यांना पाठ, कारण त्यांचे दोन्ही मुलगे तिकडेच आहेत. ते दारासमोरच्या बाकावर बसून पेपर वाचतात आणि कुणी विचारलं नाही तरी सांगतात. आज मी विचारलं, तर हरखून गेले.

म्हणाले, वहिनी, याला कंपनीअंतर्गत बदली म्हणतात. पहिली अट अशी की इकडची कंपनी आणि तिकडची कंपनी एकाच घरची पाहिजे. नुसती ओळख चालत नाही, मालकीचं नातं लागतं.

मी म्हटलं, म्हणजे सख्ख्या भावाकडे चालेल, मानलेल्या भावाकडे नाही.

ते म्हणाले, अगदी बरोबर. दुसरी अट, मागच्या तीन वर्षांत या कंपनीत एक पूर्ण वर्ष काम झालेलं पाहिजे. आधीच्या कंपनीतलं धरत नाहीत.

सूनबाईने आधीच्या कंपनीत आठ वर्षं काढली होती. म्हणजे ती गेली पाण्यात. आधीच्या सासरची नांदणूक इथे मोजत नाहीत, असं मी म्हटलं तर पोस्टमास्तर एवढे हसले की चष्मा पडला.

तिसरी अट अशी की माणूस साहेब तरी पाहिजे, नाहीतर दुसऱ्या कुणाला येत नाही असं काहीतरी त्याला आलं पाहिजे. चौथी, तिकडेही तेच काम करायचं. बोर्ड बनवणारीला तिकडे नेऊन हिशेबाला बसवलं, असं चालत नाही.

स्थळ बघण्यासारखंच आहे सगळं. घराणं एक पाहिजे, मुलीच्या अंगी गुण पाहिजे आणि सांगितलं तेच निघालं पाहिजे. मी विचारलं, आणि चौकशी? ते म्हणाले, करतात ना. शंका आली तर माणूस पाठवतात, घरी, ऑफिसात, शेजारी.

मग मी सहज विचारलं, म्हणजे सहज विचारल्यासारखं केलं, की मधे बिनपगारी रजा झाली असेल तर? त्यांनी पेपरची घडी घातली. म्हणाले, नोकरी तुटत नाही, पण रजेचे महिने त्या वर्षात धरत नाहीत असं माझ्या धाकट्याच्या वेळी सांगितलं होतं. तेवढं काम पुढे करून भरून काढायचं.

सूनबाई या कंपनीत लागली त्याला आता चौदा महिने होत आले. त्यातून पाच वजा करायला फार शाळा लागत नाही.

जिना चढताना आज पायापेक्षा डोकं जास्त चाललं. ती बसतच नाही नियमात. एप्रिलमध्ये तर नाहीच. माझ्या खुब्याच्या हाडाने तिला अडवलंय आणि हे मला कुणी सांगितलं नाही. कसं सांगतील? मला कळलं तर मी बोलेन.

मोडकं का होईना, हाड कामाला आलं. थोडं बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

१४ फेब्रुवारी, शनिवार

सूनबाईची मावशी येऊन गेली. ही मावशी हॉस्पिटलात नर्स होती. लग्न केलं नाही, आवाज मोठा, आणि लग्नाच्या मांडवात मला म्हणाली होती की विहीणबाई, तुमची साखर तपासून घ्या. तेव्हापासून मी तिच्याशी जेवढ्यास तेवढं बोलते.

आज ती माझ्या खोलीत आली, खिडकी उघडून बघितली आणि पिशवीतून मापाची टेप काढली. भिंत मोजली. माझ्या पलंगापासून दारापर्यंत मोजलं. मी पलंगावर बसलेले असताना. मी म्हटलं, माझंही माप घेऊन टाका, पुढे उपयोगी पडेल. ती म्हणाली, तुमचं माप डोळ्यांनीच कळतं. सूनबाई मधे पडली, चहाला बोलावून घेऊन गेली.

बाहेर दोघी बराच वेळ हळू बोलत होत्या. हळू बोलणं मावशीला जमत नाही, त्यामुळे "दुसरा पलंग" आणि "हातधरणी" एवढं ऐकू आलं.

म्हणजे खोली भाड्याने देणार. की मावशीच घेणार? आणि मी कुठे?

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज पायाचं नंतर लिहिते, आधी हे.

कंपनीतला माणसांची कामं बघणारा साहेब घरी आला होता. कोण लागला, कोण सोडून गेला, कोण कुठे बदलून जाणार, ते तो बघतो. फळांची टोपली घेऊन आला आणि माझ्या पाया पडला. जो माणूस ओळख नसताना पाया पडतो त्याच्यापासून पाय जपावेत. बोलणं असं की ऐकणाऱ्याला मधमाशा चावाव्यात. मी त्याचं नाव मधाचं बोट ठेवलं.

त्यांचं बोलणं बाहेरच्या खोलीत चाललं होतं. मी काठी काखेत धरली, भिंतीला हात लावत लावत दारापर्यंत गेले. व्यायामवाल्या बाईंनी पाहिलं असतं तर शाबासकी दिली असती, बिनकाठीची एवढी पहिल्यांदाच चालले.

मधाचं बोट म्हणत होतं, "तुमच्या सासूबाईंचं तेवढं बघा मॅडम. आठवडाभर कुठेतरी पाठवून द्या त्यांना. त्या इथे नसलेल्याच बऱ्या."

सूनबाई काही बोलली नाही. मी थांबले. ती अजूनही काही बोलली नाही. मग पायातून कळ आली आणि मला परत फिरावं लागलं. मी खोलीत पोचेपर्यंत बाहेर सूनबाईचा आवाज चढला होता, पण शब्द कळले नाहीत. पैशाबिशाचं असेल. मधाचं बोट गेलं ते चहा न पिता गेलं. फळांची टोपलीही दाराबाहेर ठेवलेली सापडली. विसरला असेल.

माझ्या कानांनी ऐकलंय मी. नसलेलीच बरी.

आमचे हे गेले त्याला बरीच वर्षं झाली. ते असते तर म्हणाले असते, तू आता काडी टाकू नकोस. काडी टाकायची माझी सवय त्यांना माहीत होती. पण ते असते तर मला कुठे पाठवायचं हे कुणी ठरवलं नसतं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

संशयाला आता काही जागाच उरली नाही. मुलगा सकाळी म्हणाला, आई, ताईकडे जाऊन ये ना आठवडाभर, हवापालट होईल. ताई म्हणजे माझी लेक. तिच्याकडे जिना तीन मजली आहे. मोडलेल्या खुब्याला तीन मजल्यांची हवा.

गंमत अशी की सूनबाई स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि त्यालाच विचारलं, कशाला? कुणी सांगितलं तुला? तो गडबडला. सहज म्हणालो, म्हणाला. ती त्याच्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, आई कुठेही जाणार नाहीत.

छान जमतं दोघांचं. एकाने ढकलायचं आणि एकीने धरल्यासारखं करायचं. मी मान हलवली आणि गप्प बसले. मी गप्प बसले की घरातल्यांनी सावध व्हावं, पण त्यांना अजून तेवढी ओळख नाही.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

आला. चौकशीवाला आला.

दुपारी मी एकटी होते. बेल वाजली. हातात हेल्मेट, खांद्याला बॅग, शर्ट इस्त्रीचा. मला आधी घराचा दलाल वाटला. म्हटलं, खोली द्यायची नाही, पुढे जा. त्याने गळ्यातलं ओळखपत्र दाखवलं आणि म्हणाला, आजी, व्हिसाच्या कामासाठी माहिती घ्यायची आहे, तुम्हाला वेळ आहे का? माझ्याकडे वेळेशिवाय काय आहे. आत घेतलं, पाणी दिलं.

त्याने सूनबाईचं नाव, वय, इथे कधीपासून राहता, असं विचारलं. मी सरळ सांगितलं. मग म्हणाला, त्या ऑफिसात काय काम करतात?

मी म्हटलं, लिफ्ट पडू देत नाही.

"त्यांच्या हाताखाली किती जण आहेत?"

"घरात मी एक आहे. ऑफिसातलं माहीत नाही."

तो हसला नाही, पण लिहायचा थांबला. मग बॅगेतून पाण्याची स्वतःची बाटली काढून प्यायला, आणि मला वाटतं मुद्दाम दुसरीकडे बघत विचारलं, "मागच्या वर्षभरात त्या सलग कामावर होत्या का आजी? की घरून काम करत होत्या मधे काही दिवस?"

आता इथे मी थांबले. खरंच थांबले, ते लिहून ठेवते. हो म्हणायला एक क्षण पुरला असता. होय बाबा, घरून करत होती. तो लिहून घेऊन निघून गेला असता. मला सगळं ठाऊक होतं, पोस्टमास्तरांनी डोक्यात नियम बसवून ठेवले होते. एका बाजूला टेप घेऊन भिंत मोजणारी मावशी दिसत होती आणि दुसऱ्या बाजूला ते मधाचं बोट. नसलेलीच बरी.

मी म्हटलं, "घरून काम? कसलं काम? जून ते नोव्हेंबर ती माझ्यापाशी होती. माझं हाड मोडलं होतं. पाच महिने तिने ऑफिसचं तोंड पाहिलं नाही. कंपनीचा तो कंप्युटर माझ्या औषधांच्या डब्याखाली होता, डबा डगमगू नये म्हणून. आम्ही पत्ते खेळायचो. हवं तर शेजारी विचार, ती हरल्यावर कशी ओरडते ते सगळ्यांना माहीत आहे."

"पगार मिळत होता?"

"एक पैसा नाही. मुलगा दोन दोन पाळ्या गाडी शिकवत होता तेव्हा."

त्याने सगळं लिहून घेतलं. जाताना नमस्कार केला. पाया पडला नाही, ते मला आवडलं.

दार लावलं आणि भिंतीला टेकून उभी राहिले. मी काही खोटं बोलले नाही. एक अक्षर नाही. तरी काहीतरी चोरून खाल्ल्यासारखं वाटत होतं.

सूनबाई आली तेव्हा सांगितलं नाही. तिने विचारलं, आज काय केलंत? म्हटलं, पाय दुखले.

६ मार्च, शुक्रवार

मधाच्या बोटाचा मुलाला फोन आला. आज त्यात मध नव्हता. मुलगा शिकवणीची गाडी तशीच खाली लावून वर आला, वरची "शिकाऊ" पाटीसुद्धा झाकली नव्हती.

"आई, तू त्या माणसाला काय सांगितलंस?"

म्हटलं, विचारलं ते सांगितलं. तो म्हणाला, घरून काम करत होती एवढं म्हणायचं होतं, कंपनीने तसं लिहून दिलंय. मी म्हटलं, मग मला आधी सांगायचं. तो म्हणाला, तुला सांगितलं असतं तर तू चारचौघांत बोलून दाखवलं असतंस. ते खरं आहे, पण म्हणून मला तीन जिने चढायला पाठवायचं? असं मी विचारलं. साहेबच म्हणाला होता, असं पुटपुटून त्याने तोंड फिरवलं.

मग हळू आवाजात म्हणाला, "ती रजा तिने कुणासाठी घेतली होती, आई?"

तो ओरडला असता तर मी त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडले असते. मला ते येतं. हे मला येत नाही.

सूनबाईला बुधवारी मुलाखतीला बोलावलंय. ती घरात शांत आहे. मला भाजी चिरायला दिली नाही, स्वतःच चिरली.

आज काही चालले नाही.

११ मार्च, बुधवार

सकाळी सूनबाई निघाली तेव्हा मी दारापर्यंत गेले. तोंडातून नीट जा एवढंच आलं. तिने मान हलवली.

दिवसभर खाली जाऊन बाकावर बसले. पोस्टमास्तरांनी विचारलं, काय झालं वहिनी, आज चिमटे नाहीत? म्हटलं, सुट्टी आहे. त्यांनी अर्धा पेपर मला दिला आणि गप्प बसले. बोलके लोक गप्प बसतात तेव्हा चांगले असतात.

ती चार वाजता आली. रिक्षातून उतरली, मला बाकावर बघितलं आणि आत न जाता माझ्याजवळ बसली. पोस्टमास्तरांना अचानक घरात काम आठवलं.

मी विचारलं नाही. तिनेच सांगितलं. कंपनीच्या पत्रात लिहिलं होतं की ही चौदा महिने सलग कामावर आहे. ते मधाच्या बोटाने लिहिलं होतं, तिला न विचारता. तिने स्वतः भरलेल्या अर्जात मात्र पाच महिन्यांची रजा लिहिली होती. दोन्हींचं जुळेना म्हणून चौकशी निघाली. आज अधिकारी बाईंनी तिला हेच विचारलं, की तुम्ही खोट्या की कंपनी? ती म्हणाली, मी रजेवर होते. मग त्यांनी चौकशीवाल्याचं लिहिलेलं काढलं. त्यात औषधांचा डबासुद्धा होता.

"म्हणाल्या, तुमच्या सासूबाई पण तेच सांगतात." सूनबाई समोर बघत बोलत होती. "घरून वेगळं काही सांगितलं गेलं असतं ना आई, तर मीच खोटी ठरले असते. एकदा खोटं पकडलं की कित्येक वर्षं अर्जच घेत नाहीत. आता नुसता परत केलाय. वर्ष भरलं की पुन्हा द्या म्हणाल्या. मे महिन्यात भरतंय. तिकडचं काम थांबवतील तोपर्यंत, बोर्ड दुसऱ्या कुणाला येत नाही."

म्हणजे ती जाणार. मी जी काडी टाकली तिने तिचीच चूल पेटली.

ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगितलंत म्हणून वाचले."

इथे मी मिरवू शकले असते. मी कुठलीही संधी सोडत नाही, सगळ्यांना माहीत आहे. पण तिने माझ्याकडे तोंड वळवलं आणि म्हणाली, "पण तुम्ही मला वाचवायला नव्हतं सांगितलंत. अडवायला सांगितलंत ना?"

पाच महिने रोज दुपारी माझ्यासमोर बसलेली बाई ती. माझ्या हातात काय आहे ते तिला तोंडावरून कळतं.

"हो," म्हटलं.

मग तिने साहेबाचं सांगितलं. तो त्या दिवशी सासूबाईंना पाठवून द्या म्हणाला, तेव्हा तिने त्याला ऐकवलं की आई इथेच राहतील आणि जे झालं तेच सांगतील. तो उठून गेला. फळं तिनेच बाहेर ठेवली होती. मी म्हटलं, तेवढं ऐकायला मी थांबले नाही, पाय दुखला. ती म्हणाली, दारामागे उभं राहायचं तर पूर्ण उभं राहावं. मी म्हटलं, हो, ते चुकलंच.

मग मी विचारलं. इतके दिवस मी सगळ्यांना सगळं विचारत होते, हे सोडून.

"मला ठेवून जाणार ना गं?"

तिने इकडे तिकडे पाहिलं नाही. काळजी करू नका म्हणाली नाही. "हो आई. ठेवूनच जावं लागेल. त्या नियमात नवरा बसतो, मुलगी बसते. सासू नाही बसत. मी तीनदा विचारलं, वेगवेगळ्या माणसांना."

तीनदा.

मावशी माझ्या सोबतीला येणार आहे. दुसरा पलंग तिचा, आणि हातधरणी म्हणजे भिंतीला धरून उठायचा दांडा, तो माझ्या न्हाणीघराला. तुम्ही ऐकून रुसाल म्हणून सांगायला घाबरत होते, म्हणाली. मी म्हटलं, रुसलेच असते. आताही रुसणार आहे, पण वर गेल्यावर.

जिना चढताना तिने माझा हात धरला. मी धरू दिला.

संशय फिटला की माणसाला बरं वाटतं म्हणतात. मला उलट झालंय. संशय होता तोवर कुणीतरी मला फसवत होतं आणि मी त्यांना पकडणार होते, रोज उठायला काम होतं. आता कुणीच फसवत नाही. ती नुसती जाणार आहे.

१२ एप्रिल, रविवार

मावशी राहायला आली. पहिल्याच दिवशी माझी साखर तपासली. वाढलेली निघाली. तिला इतका आनंद झाला की मला बघवेना.

न्हाणीघरात हातधरणी बसवली, तीही मापात. हे मी तिला सांगणार नाही.

मधाच्या बोटाची बदली झाली म्हणे. परदेशात नाही, मागच्या गोदामात. त्यासाठी काही नियम लागत नाहीत.

२० मे, बुधवार

आज बाल्कनी, जिना, गेट आणि परत. काठी होती पण टेकली नाही फारशी.

हा दिवस मी मनात धरून ठेवला होता. मुलगा विसरला होता, सूनबाईला ऑफिसच्या धावपळीत भान नव्हतं. सकाळी ती आरशासमोर केस बांधत होती. मी तिच्या खोलीत गेले. दार उघडंच होतं.

म्हटलं, "वर्ष भरलं गं तुझं आज."

ती पिन तोंडात धरून माझ्याकडे बघत राहिली.

"बसतेस तू आता नियमात. आज अर्ज दे. कंपनीवर सोडू नकोस, आपल्या हाताने दे. आणि कुणी चौकशीला आलंच तर दुपारी चारनंतर पाठव म्हणावं, त्याआधी मी आडवी असते."

तिने पिन खाली ठेवली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकवलं. जड आहे पोरीचं डोकं. माझा पाय दुखायला लागला होता, पण मी हलले नाही.